अंतरपटाचा जांभळा

रविवार, २२ फेब्रुवारी २०२६

रंगाच्या एका व्यापाऱ्यानं नववर्षाला दिलेली ही डायरी दोन महिने कपाटावर पडून होती. मिलमध्ये होतो तेव्हा अशाच डायऱ्यांत शेडची, म्हणजे रंगछटांची, मापं लिहायचो. आता मिलही नाही आणि मापंही नाहीत, पण आज लिहावंसं वाटेल असं घडलंय.

उपासना संपल्यावर पाळक कुंदन यांनी सांगितलं, की यंदा दुःखसहन सप्ताहात लिंबायतच्या आपल्या हॉलमागच्या मोकळ्या जागेत निवासमंडप उभारायचा. अरण्यात इस्राएल लोक ज्या तंबूत देवाची भक्ती करत, त्याची निम्म्या मापाची प्रतिकृती. लोकांनी दारातून आत यायचं, वेदी, गंगाळ, दीपवृक्ष बघत परमपवित्र स्थानापुढच्या पडद्यापर्यंत जायचं. त्या पडद्याला अंतरपट म्हणतात. पांढऱ्या कापडावर निळा, जांभळा आणि किरमिजी. "आणि अंतरपट रंगवणार आपले योगराजभाऊ," असं म्हणून पाळकांनी माझ्याकडे हात केला.

सगळी मंडळी वळून बघायला लागली. इथं सुरतेत, पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या मिलमध्ये मी तेहेतीस वर्षं कलर मास्टर होतो. दिवाळीपासून घरी बसलोय, त्यावर लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे. हा अंतरपट एकदा टांगला, की सगळ्यांची तोंडं बंद होतील.

घरी येताना सुषमाला म्हटलं, "बघ, कारागिराला कोणी विसरत नाही." रस्ता ओलांडताना ती माझा दंड घट्ट धरून होती. लग्नाला बत्तीस वर्षं झाल्यावर बाईला नवऱ्याचा दंड धरून चालायची हौस आलीय.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

मिल मी स्वतःहून सोडली, हे इथं लिहून ठेवतो. शेवटच्या तीन महिन्यांत माझे चार लॉट परत आले हे खरं आहे. पण शेड बघायच्या खोलीतल्या ट्यूब जुन्या झाल्या होत्या, ते कोण बघतो? त्यांनी ट्यूब बदलण्याऐवजी मशीन आणलं. कापड त्याच्याखाली ठेवायचं आणि ते आकडे देतं. मी म्हटलं, मग मशीनलाच मास्टर म्हणा. आणि आलो.

घरी येऊन बघतो तर काय, तसलंच मशीन माझ्या ताटासमोर बसलेलं. आमची नीलम पलसाण्याच्या एका डाइंगच्या लॅबमध्ये हेच काम करते. माझी मुलगी आकडे वाचून रंग सांगते! परवा मी काहीतरी बोललो तर म्हणाली, "पप्पा, मशीनला राग नाय येत, एवढंच त्याचं चांगलं आहे." जिभेला हाड नाही पोरीच्या. माझ्यावर गेलीय असं सुषमा म्हणते.

अलीकडे वर्तमानपत्रवाले शाई फार फिकी वापरतात. वाचायला त्रास होतो.

रविवार, १ मार्च

पाळकांच्या घरी बैठक झाली. प्लायवूडच्या फळ्यांना सोनेरी कागद चिकटवायचं काम चालू होतं. पाळक प्रत्येक वस्तू हातात घेऊन समजावत होते. आतल्या फळ्या बाभळीच्या आणि वरून सोन्यानं मढवलेल्या: लाकूड म्हणजे माणूसपण, सोनं म्हणजे देवपण, आणि ख्रिस्तात दोन्ही एकत्र. अंगणाला दार एकच, कारण तोच दार. बाहेरचं आच्छादन साध्या कातड्याचं, बघून कोणाला ओढ वाटू नये असं. सगळी शोभा आत.

मग रंगांवर आले. निळा आकाशाचा, म्हणजे देवाकडून आलेला. किरमिजी रक्ताचा, म्हणजे माणसाचा. जांभळा राजाचा. मी म्हटलं, "पाळकसाहेब, थांबा. जांभळा होतो कसा ते माहितीये का? निळं कापड तांबड्यात बुडवलं की होतो. निळा जात नाही, तांबडा जात नाही, आणि तरी तिसराच रंग दिसतो." त्यांनी हातातली फळी खाली ठेवली. मग म्हणाले, "योगराजभाऊ, वीस वर्षं मी हे शिकवतोय, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

म्हणून मी तिथंच जाहीर केलं, की बाजारातला तयार जांभळा मी वापरणार नाही. दोन बुड्यांचाच करणार. आधी निळी बुडी, वर तांबडी. तयार जांभळ्यात फक्त जांभळाच असतो, त्यात दोघं नसतात. नीलम कोपऱ्यात सोनेरी कागद कापत होती. कात्री थांबवून माझ्याकडे बघत राहिली. बऱ्याच दिवसांनी तिनं माझ्याकडे तसं बघितलं.

शनिवार, ७ मार्च

आज गच्चीवर रंगाई झाली. दोन पिंप, मीठ, सोडा आणि कोमट पाण्यात चढणारे रंग. जाड सुती कापड. शास्त्रात तलम सणाच्या सुताचं सांगितलंय, पण सुरतेत पॉलिएस्टर सोडून सुती मिळालं हेच पुष्कळ.

निळा मनासारखा उठेना. फारच मळकट दिसायला लागला, म्हणून दोनदा रंग वाढवला. किरमिजी पहिल्याच बुडीत आला. जांभळ्याच्या पट्ट्यांवर तांबडा मात्र फार पटकन चढला. बुडवल्या आणि लगेच जांभळा तयार. हात बसलेला असला की असं होतं. नीलम म्हणाली, "ना पप्पा, हजु वार छे," म्हणजे अजून वेळ आहे. मी म्हटलं, "तुझ्या मशीनला विचार." ती खाली निघून गेली.

सोमवार, ९ मार्च

पट्ट्या वाळल्या. अंतरपट शिवणाऱ्या मंडळीतल्या बायका बघायला आल्या होत्या. दोरीवर निळ्या, जांभळ्या, किरमिजी पट्ट्या ओळीनं. सगळ्या इतक्या गप्प झाल्या की कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. काम तसंच झालंय, त्याला त्या तरी काय करणार.

एका जांभळ्या पट्टीच्या कडेला उंदरानं कुरतडलंय. उंदीर एवढा सरळ चौकोनी तुकडा कसा काढतो देव जाणे. सुषमाला औषध आणायला सांगितलं, तर ती आणि नीलम एकमेकींकडे बघायला लागल्या. घरात उंदीर आहेत म्हटलं की बायकांना अपमान वाटतो.

गुरुवार, १९ मार्च

अंतरपटावर करूब काढायचेत, पंखवाले दोन स्वर्गदूत. सुषमानं जरीचे करूब वेगळ्या कापडावर भरून केव्हाच तयार ठेवलेत, सुंदर झालेत. फक्त मधल्या जांभळ्या पट्ट्यांवर टाचायचे राहिलेत. दहा दिवस झाले, ती हात लावत नाही. रोज नवं कारण. आज ओरडलो तर म्हणाली, "करूब काय उडी जाई राहिनात का? लावसू ना." एरवी साड्यांवर टिकल्या टाचायचं काम घरी आणून दिवसात सहा साड्या उडवणारी बाई.

दुसरी गोष्ट. पाळक आज म्हणाले, उत्तम शुक्रवारी तीन वाजता अंतरपट फाडायचा. प्रभूनं प्राण सोडला तेव्हा मंदिरातला अंतरपट वरून खालपर्यंत फाटला ना, तसा. वर्षातून एकदा एकटा महायाजक ज्याच्या आड जायचा, ते स्थान त्या क्षणी सगळ्यांना उघडं झालं. तो पडदा म्हणजे ख्रिस्ताचा देहच, असं त्यांचं म्हणणं. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आलोय. पण माझाच कापडाचा पडदा खरोखर फाडतील हे डोक्यात आलं नव्हतं.

तेहेतीस वर्षांत मी कापड फाटू दिलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. मग म्हटलं, फाडायचाच असेल तर नीट फाटला पाहिजे. उभं सूत वरून खाली येईल अशाच पट्ट्या जोडायला सांगितल्या. आडव्या सुतात कापड अर्ध्यात अडकतं आणि मग प्रभूची विटंबना.

शनिवार, २१ मार्च

घरात भांडण झालं. नीलमनं डोळ्याच्या दवाखान्याचा कागद आणून पुढं ठेवला. नंबरसुद्धा लावून आली होती, मला न विचारता. "मोतीबिंदू आहे पप्पा, साधं ऑपरेशन. दुसऱ्या दिवशी घरी." मी विचारलं, तुला काय कळतं? माझा भाऊ दगा असाच कुठल्याशा शिबिरात साधं ऑपरेशन करून आला आणि त्याचा एक डोळा गेला तो गेलाच. रंगाऱ्याचा डोळा गेला तर मागं उरतं काय?

"तेव्हाचं वेगळं होतं," ती म्हणाली. मी ओरडलो, "माझ्या डोळ्याला काही झालेलं नाही. जाऊन अंतरपट बघ!" त्यावर ती एकदम रडायला लागली. मी काही एवढं वाईट बोललो नव्हतो. सुषमानं तिला आत नेलं. कागद मी फाडला नाही, या डायरीत ठेवलाय. सरकारी नाही तरी कागद तो कागद.

रविवार, २९ मार्च

झावळ्यांचा रविवार. मंडप उभा राहिला. दारातून शिरताना माझं मलाच भरून आलं. वेदी, मग पाण्याचं गंगाळ, आत सातदिव्यांचा दीपवृक्ष, भाकरींचं मेज. आणि शेवटी अंतरपट, साडेसात फूट उंच, चार खांबांवर.

शोभाबाई आल्या. मंडळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, बोलायला कोणाची भीड नाही. अंतरपटापुढं काठी टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "निळा दखाना, लाल दखाना. जांभळा कोठे शे, योगराज?"

मी म्हटलं, "मावशी, मधला तो जांभळा." त्या म्हणाल्या, "माले तं दोन्ही निळाज दिखतंस भो."

मला हसू आलं. म्हातारीला दिसत नाही, म्हणून पाळकांकडे वळलो. पाळक खाली बघत होते. सुषमा करूबांचं गाठोडं पोटाशी धरून उभी होती. एक माणूस म्हणाला नाही, की मावशी, तुम्ही चुकताय.

सोमवार, ३० मार्च

सकाळी उरलेल्या पट्ट्यांचे तुकडे घेतले. तीन निळे आणि तीन जांभळे. मागं पिनेनं खुणा केल्या. दहा वाजताच्या स्वच्छ उन्हात गच्चीवर बसलो, डोळे मिटून ते पिसले आणि वेगळे करायला लागलो. निळे डावीकडं आणि जांभळे उजवीकडं.

उलटून बघितलं. चार चुकले.

पुन्हा केलं. पुन्हा चार. तिसऱ्यांदा केलंच नाही.

ते परत आलेले लॉट आठवले. ट्यूब जुन्या नव्हत्या. उंदीरही नव्हता. नीलमनं तो तुकडा कापून मशीनखाली ठेवला असणार, तिला तीन आठवड्यांपासून माहीत होतं. सुषमालाही. त्या शिवणाऱ्या बायका कौतुकानं गप्प झाल्या नव्हत्या. मला लाज वाटली. आणि त्याहून जास्त, या दोघींनी माझ्यासाठी किती दिवस तोंड दाबून धरलं, त्याचं वाईट वाटलं. मी त्यांच्यावरच ओरडत होतो.

नीलम कामावरून आली, तसं तिच्यापुढं तुकडे ठेवले. म्हटलं, "मला दिसत नाही." एवढंच बोलता आलं. ती माझ्याजवळ जमिनीवर बसली आणि माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. लहानपणी ठेवायची तसं. मग म्हणाली, "मंगळवारी सुट्टी टाकते. परत करू. तुम्ही सांगा, मी बघते."

मंगळवार, ३१ मार्च

जुन्या पट्ट्यांवर रंग चढवला असता तर डाग राहिले असते. नवीन पांढरं कापड घेतलं. सकाळी आठला गच्चीवर, मी, नीलम आणि सुषमा. सुषमाकडं घड्याळ.

मीठ किती, सोडा कधी, पाणी किती कोमट, हे सगळं माझं. पाण्यात कोपर घालून मला अंश सांगता येतो, ते मशीनला येत नाही. पिंपाजवळ मला बसायला स्टूल होतं. कापड फिरवणं नीलमकडं. आधी निळी बुडी. मला मळक्या पाण्यासारखी दिसली. हात रंग वाढवायला पुढं गेला आणि मी तो मागं घेतला. विचारलं, "कसा आहे?"

"सुंदर आहे पप्पा. आपल्या तापीवर सकाळी आकाश असतं तसा."

मग तांबडी. मला तर लगेच झाल्यासारखा वाटला, अगदी त्या दिवशीसारखाच. म्हटलं, "झाला ना?" ती म्हणाली, "नाही. अजून." कापड वर-खाली करत राहिली. दर दोन मिनिटांनी मी विचारत होतो आणि ती "अजून" म्हणत होती. माझ्यासमोर ते कापड चॉकलेटी, मग काळपट व्हायला लागलं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता नासलं. पिंप लाथाडावं असं वाटलं. मी मास्टर असतो तर काढून घेतलं असतं. शेवटी मी डोळेच मिटून घेतले आणि पाण्याचा आवाज ऐकत बसलो. सुषमानं माझ्या पाठीवर हात ठेवला तो काढलाच नाही.

"बस, पप्पा," नीलम म्हणाली.

शेड न बघता कापड पुढं पाठवायची ही माझी आयुष्यातली पहिलीच वेळ. मी विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "नक्की." मग आम्ही ते धुतलं.

सुषमानं संध्याकाळी नव्या पट्ट्या शिवून दोन्ही करूब टाचूनही टाकले. सहा साड्या उडवणारी बाई परत आली.

शुक्रवार, ३ एप्रिल. उत्तम शुक्रवार

दिवसभर मंडपात रीघ होती. मी दाराशी उभा होतो. बाहेर येणाऱ्यांच्या तोंडाकडं बघत होतो, कारण पडद्याकडं बघून मला काही कळणार नव्हतं. शोभाबाई बाहेर आल्या. न राहवून विचारलं, "मावशी, जांभळा?" त्या म्हणाल्या, "आते कसा जांभूळनागत शे!" आणि माझ्या गालाला हात लावून बोटं मोडली.

तीनला पाच कमी असताना पाळकांनी मला बोलावलं. कापड आपोआप फाटत नाही, आधी वर कात्रीचा छेद लागतो. तो मीच द्यावा असं त्यांचं म्हणणं. मागच्या बाजूनं शिडीवर चढलो. नीलमनं शिडी धरली होती. मधली पट्टी कुठली ते खालून तिनं सांगितलं, "अजून डावीकडं, अजून... हां." दोन बोटं छेद दिला.

तीन वाजता पुढून पाळकांनी आणि कोणा एकानं दोन्हीकडून ओढलं. तो आवाज मी मिलमध्ये हजारदा ऐकलाय, कोणाची तरी चूक झाल्याचा आवाज. आज तो एकाच दमात वरून खालपर्यंत आला, कुठंही न अडकता. पलीकडं उजेड होता आणि सगळी मंडळी सरळ माझ्यासमोर. मी शिडीवरच होतो, महायाजकाच्या जागेत, हातात कात्री घेऊन. मला प्रार्थना सुचेना. एवढंच म्हटलं, प्रभू, तुझं स्थान सगळ्यांनी बघितलं. मलाही बघू दे.

सोमवार, ६ एप्रिल

डायरीतला कागद काढला आणि नीलमला म्हटलं, नंबर अजून आहे का बघ. तिनं तो रद्दच केला नव्हता, नुसता पुढं ढकलला होता. बुधवारचा आहे. दगाला फोन केला. तो म्हणाला, "जाय रे भाऊ. मनं ते मनं व्हतं." म्हणजे त्याचं झालं ते त्याच्यापुरतं. भीती वाटतेय. पण मला तो जांभळा बघायचाय, त्या भीतीपेक्षा जास्त बघायचाय.

गुरुवार, ९ एप्रिल

आज सकाळी उजव्या डोळ्याची पट्टी काढली. सुषमानं डायरी नको म्हणून सांगितलंय, ती भाजी आणायला गेलीय तेवढ्यात लिहितोय.

पहिल्यांदा नुसतं पांढरं. भिंत इतकी पांढरी असते हे मी विसरून गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी बोटं मोजायला हात वर केला. "काका, केटली आंगळी छे?"

मी त्यांच्या हाताकडं बघतच नव्हतो. त्यांच्या मागं नीलम उभी होती, दोन्ही हात तोंडावर दाबून.

"जांभळी," मी म्हणालो.

"काका, केटली?"

मी नीलमला म्हटलं, इकडं ये. तिचे दोन्ही हात धरून तिला खिडकीशी नेलं. दहाच्या दहा नखं आणि नखांच्या कडेची कातडी. जवळून बघितलं तर खाली निळा आणि त्यावर चढलेला तांबडा. कापडाबरोबर तिची बोटंही दोन्ही बुड्यांतून गेली होती. नऊ दिवस ती या हातांनी मला वाढत होती, याच हातांनी डोळ्यात थेंब घालत होती. आणि मला दिसलं नव्हतं.

"हातमोजे नाही घातलेस?"

"तुम्ही कधी घातले? कापड कळत नाही त्यात."

मी पुन्हा नखांकडं बघितलं. सवय जात नाही. "तांबडा थोडा जास्त झालाय," म्हणालो.

"माहितीये," ती म्हणाली. "तीन-चार मिनिटं आधी काढायला पाहिजे होतं."

"मग मला नक्की कसं काय म्हणालीस?"

"तुम्ही डोळे मिटून बसला होतात. पहिल्यांदाच काही बोलत नव्हतात." ती हसत होती आणि तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. "मी कापडाकडं बघितलंच नाही, पप्पा. तुमच्याकडंच बघत राहिले."

डॉक्टरीणबाई मला रागावून सांगत होत्या, की काका, आठ दिवस या डोळ्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. मी हो हो म्हणत होतो, पण तोवर उशीर झाला होता.